शांत म्हणजे शून्य

वेंची, ३ एप्रिल २०१७

बेदियाको,

इकडे सगळं शांत आहे. आता वर्तमान सांगतो.

तुझी भाची परवा घरी पोचली. डोक्यावरचे टाके सुकलेत, पण उजव्या बाजूला एका पट्ट्यात केस उगवतच नाहीत. त्यावर रुमाल बांधून सेरवा शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. माझी बहीण मान्सा म्हणाली, "अगं, महिनाभर तरी पड." तर ही म्हणते, "आत्या, डोक्यातली गाठ काढलीय, हात नाही काढले." गाठ सगळी निघालेली नाही, मधोमध जिथे सुरी पोचत नाही तिथे उरली आहे, हे तिला ठाऊक आहे. तिनेच मला कापडाच्या तुकड्यावर खडूने काढून दाखवलं.

तू म्हणशील, मास्तर फोन का करत नाहीत. फोनवर तू 'हो दाजी, हो दाजी' म्हणतोस आणि दुसरीकडे बोटं चालवतोस. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून हेच करायचास. कागद मात्र तुला फाईलला लावावा लागतो.

मेंदूच्या गाठीवरच्या तुझ्या नव्या गोळीच्या अभ्यासाबद्दल मी काल रेडिओवर चाळीस मिनिटं बोललो. म्हटलं, शंभर वर्षं आपण दुसऱ्यांच्या डोक्यांवर ठरलेली औषधं गिळतोय. त्यांच्या कवटीत काय चालतं याने कपाटं भरली आहेत, आणि आपल्या कवटीचं पान कोरं. आपला माणूस मेंदूच्या कॅन्सरने गेला की आपण म्हणतो, करणी केली कुणीतरी. करणी कसली! अज्ञान आहे ते, आणि ते आपण पोसलंय. आता आपल्याच गावचा, माझ्या हातचा मार खाल्लेला पोरगा कुमासीला बसून हा शोध घेतोय. त्याला आपली डोकी दाखवायची नाहीत, तर कुणाला दाखवायची?

तीन जिल्ह्यांतून अकरा घरं पुढे आली. सेरवा धरून बारा. सेरवालाही आधी नको होतं, मीच तिला गळ घातली. यातला प्रत्येक जण माझ्या शब्दावर आला आहे, हे विसरू नकोस.

प्रश्नावलीचं भाषांतर सोबत आहे. तुझ्या इंग्रजी कागदावर पहिला प्रश्न होता, 'या आठवड्यात आपली काही तक्रार आहे का?' आपल्या भाषेत असं विचारलं तर माणूस म्हणेल, मी काय पोलीस ठाण्यात आलोय? मी लिहिलं आहे, 'तिकडचं काय वर्तमान?' अंगणात आलेल्या पाहुण्याला पाणी देऊन विचारतात तसं. आपल्या माणसाला आपल्या माणसाने विचारल्यासारखं वाटलं पाहिजे.

तुझा दाजी,
अम्पोफो


कुमासी, १८ एप्रिल २०१७

दाजी, नमस्कार.

भाषांतर वाचून आमच्या सिस्टर कम्फर्ट म्हणाल्या, "हा माणूस दगडालाही बोलतं करील." तुमचं नाव आणि सही आम्ही प्रश्नावलीच्या शेवटी छापली आहे.

कामाची पद्धत सांगून ठेवतो. रुग्णांचे मेंदूचे फोटो सहा महिन्यांनी. मधल्या काळात दर शुक्रवारी फोन. प्रश्न एकंदर सात. पहिल्याला 'शांत' असं उत्तर आलं, की संगणक शून्य मांडतो आणि पुढचे सहा प्रश्न आपोआप बंद होतात. रुग्ण तीनशे, नर्स दोन. दुसरा इलाज नव्हता. काही कुरकुर असेल तर मात्र सगळे सहा विचारायचे, आणि आकडा दहाच्या वर गेला तर त्याच दिवशी आमची गाडी रुग्णाच्या दारात.

हे का करतोय तेही ऐका. ही गाठ दोन तऱ्हांनी जीव घेते. एक तर स्वतः वाढून. किंवा मेंदूतल्या पाण्याची वाट अडवून. पाणी तुंबतं आणि दाब वाढतो. पहिल्याला अजून औषध नाही, तेच आपण शोधतोय. दुसरं वेळेत कळलं तर एक बारीक नळी बसवायची, पाऊण तासाचं काम. म्हणून शुक्रवारचा फोन.

सेरवाचे आतापर्यंतचे दोन्ही शुक्रवार शून्य! तिला म्हणावं, मामाला एक शर्ट शिवून पाठव. जुन्यात पोट मावत नाही.

आपला,
बेदियाको


वेंची, २६ जून २०१७

बेदियाको,

इकडे सगळं शांत आहे. वर्तमान असं, की माझं मन ठिकाणावर नाही.

सेरवाने चर्चमधल्या एका बाईसाठी काबा शिवायला घेतला. दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. बाई चिडली, तर ही हसत सुटली. दिवसाढवळ्या यंत्रावर डोकं टेकून झोपते. हाक मारली की 'आले' म्हणते आणि येत नाही. मुलीची जात आईवेगळी वाढली की हे असं होतं, असं मान्सा म्हणते. अफ्रीये असती तर तिने दोन शब्दांत सरळ केली असती.

याहून वाईट एक गोष्ट आहे. ती कागदावर लिहायला माझा हात धजत नाही. आपल्या रीतीप्रमाणे मूल आईच्या कुळाचं. अफ्रीये गेली, म्हणजे आता मुलगी तुझी, आणि लोक बोट दाखवतील तेही तुझ्या घराकडे. म्हणून खात्री झाल्यावरच लिहीन. तोवर मी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. जेवतानाही तिच्याकडे पाठ फिरवतो.

आणखी एक. परवा शुक्रवारचा फोन माझ्यासमोर आला. तुझी सिस्टर म्हणाली, "तिकडचं काय वर्तमान?" सेरवा म्हणाली, "शांत आहे." आणि खट्! तिकडून बंद. निरोप नाही, 'बरं येते' नाही. पोरगी बराच वेळ फोन कानाला धरून बसली होती. मी एवढी अदबीची भाषा लिहून दिली आणि तुमच्या नर्सबाई टपालाचा शिक्का मारल्यासारख्या बोलतात. तिला जरा रीत शिकव.

तुझा दाजी,
अम्पोफो


कुमासी, ९ जुलै २०१७

दाजी, नमस्कार.

बावीस वर्षांची मुलगी दिवसा झोपते आणि कारण नसताना हसते. दाजी, तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, यावर एकही नव्हतं का? कुणीतरी असेल. माझ्या कुळाच्या अब्रूची काळजी करू नका. माझ्या कुळाने याहून जास्त पचवलंय. वेळ आली की बघू.

चौदा शुक्रवार, चौदा शून्य! सगळ्या अभ्यासाचाच आकडा असा आहे की परवा परदेशातून आलेले तपासनीस उठून माझ्याशी हात मिळवायला आले. एक जण म्हणाला, "तुमच्या लोकांची सहनशक्ती मोठी आहे की तुमची गोळी?" मी म्हटलं, "गोळी." पहिल्या टप्प्याचा अहवाल एकवीस ऑगस्टला द्यायचा आहे. तो मान्य झाला, तर पुढच्या टप्प्यात एक हजार रुग्ण. आपल्या भागात मेंदूच्या कॅन्सरवर एवढं काम कधी झालेलं नाही.

फोन लगेच बंद होतो, हे जे तुम्ही लिहिलंत, ते कुठे बोलू नका. विशेषतः रेडिओवर नको. मी बघतो.

आपला,
बेदियाको


वेंची, २ ऑगस्ट २०१७

बेदियाको,

इकडे शांत नाही.

आता सगळं लिहितो. जूनच्या मध्यापासून सेरवा रोज सकाळी ओकते. अंगणाच्या कडेला, तोंडावर रुमाल दाबून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मान्साने एकदा पाहिलं आणि माझ्या कानाला लागली. मी पोरीला बोलावलं, मान्सासमोर उभं केलं आणि विचारलं, "कोणाचं?"

"कोणाचं काय, बाबा?"

"पोटातलं."

ती हसली. तिला खरंच वाटलं की मी थट्टा करतोय. मला तो निर्लज्जपणा वाटला. बेदियाको, मी तिला काय काय बोललो ते तुला सांगत नाही. सभा गाजवणाऱ्या माणसाजवळ घरात वापरायलाही भरपूर शब्द असतात. पाच आठवडे मी तिच्याकडे पाठ फिरवून जेवलो. ती ताट ठेवायची आणि थोडा वेळ उभी राहायची. मी भिंतीकडे बघायचो.

काल सुईणीला बोलावलं, चोरून, मागच्या दाराने. ती दहा मिनिटांत बाहेर आली. म्हणाली, "मास्तर, तुमच्या पोरीच्या पोटात काही नाही. मी एक बोट धरलं तर तिला दोन दिसतात. पोट कसलं चाचपता? डोकं बघा."

मी आत गेलो. तिच्या अंथरुणापाशी बसलो. विचारलं, "दुखतं?" म्हणाली, "सकाळी फार." मी म्हटलं, "मग दर शुक्रवारी त्या बाईला का नाही सांगितलंस?"

तिने जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो.

"सांगणारच होते, बाबा. आधी शांत म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं की सांगायचं ना? त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. मला वाटलं, मोठ्या दवाखान्याची माणसं, घाईत असतील."

कळलं का तुला? माझ्या अंगणात माणूस मरणाची बातमी घेऊन आला, तरी पहिल्यांदा विचारल्यावर तो शांतच म्हणतो. मी स्वतः तुला अफ्रीयेची बातमी द्यायला आलो होतो, तेव्हा तुझ्या आईने पाणी दिलं, विचारलं, आणि मी काय म्हणालो होतो? शांत आहे, म्हणालो होतो. मग तिने दुसऱ्यांदा विचारलं, आणि मी सांगितलं. पहिलं उत्तर हा यजमानाचा मान असतो. खरं उत्तर दुसरं. आणि मी, भाषेचा एवढा अभिमान बाळगणारा गाढव, तुझ्या पहिल्या प्रश्नाला अंगणातल्या प्रश्नाचा पोशाख चढवून बसलो. तुझं यंत्र मान घेतं आणि निघून जातं.

सतरा शुक्रवार, बेदियाको. पोरीने सतरा वेळा मान दिला.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी तिला मिशनच्या दवाखान्यात नेतोय. तिथे सूज उतरवायचं इंजेक्शन आहे, आणि महिन्यातून दोनदा मेंदूचा सर्जन येतो. तुझी गाडी त्याआधी आली तर तुझ्याकडे. आणि बाकीच्या अकरा घरांत आजच्या आज फोन लाव. दुसऱ्यांदा विचार.

अम्पोफो


कुमासी, ४ ऑगस्ट २०१७

दाजी,

ड्रायव्हरच्या हाती ताबडतोब पाठवतोय. शनिवारी कुठेही जाऊ नका.

तुम्ही लिहिलंत ते मला मे महिन्यातच कळलं होतं. तीनशेपैकी दोनशे ऐंशी शून्य आल्यावर मला कळणार नाही का? मीही त्याच अंगणात वाढलोय. पण तेव्हा महिना उलटून गेला होता. प्रश्न मध्येच बदलला, तर आधीचे सगळे आकडे फेकून द्यावे लागतात. आकडे गेले की अभ्यास बंद, आणि अभ्यास बंद झाला की तीनशे जणांची गोळी बंद. ही गोळी गाठ रोखते, असं माझं मन मला सांगतं. एका प्रश्नापायी मी ती गटारात ओतू?

सेरवाला मिशनच्या दवाखान्यात नेलंत, तर तिथले लोक आमच्याकडे विचारणा करतील. सतरा शून्यं आणि दारात आलेली ही मुलगी, हे दोन कागद एकत्र ठेवले की सगळं उघडं पडेल. अहवालाला सतरा दिवस आहेत. बावीसला मी स्वतः गाडी घेऊन येतो, सगळ्यांत आधी तिच्या दारात. तोवर डोकेदुखीच्या साध्या गोळ्या द्या, उशाला दोन उश्या द्या. ती तरुण आहे.

रागात काही करण्याआधी दोन गोष्टींचा विचार करा. भाषा तुमची आहे. सही तुमची आहे. ती अकरा घरं तुमच्या शब्दावर आली. उघडं पडेल ते आधी तुमचं पडेल.

दुसरी गोष्ट. सेरवा माझ्या बहिणीची मुलगी आहे. बाप नाव देतो. शरीराचा निर्णय आईच्या कुळाचा. भर सभेत उभे राहून आपली रीत तुम्हीच लोकांना समजावून सांगता. माझ्या कुळातले दोन वडीलधारे उद्या तुमच्या अंगणात येतील. त्यांचा मान ठेवा.

तुम्हीच म्हणाला होतात, आपली डोकी आपण दाखवायची नाहीत तर कुणी दाखवायची.

बेदियाको


कुमासी, २६ ऑगस्ट २०१७

दाजी, नमस्कार.

एकोणीस तारखेला तुम्ही तिला खांद्यावर घेऊन आमच्या दारात आलात, तेव्हा मी तुमच्याशी नीट बोलू शकलो नाही. शस्त्रक्रियेची खोली तयार व्हायला वीस मिनिटं लागली. तिला तेवढी मिळाली नाहीत. मलाही रात्री डोळ्यासमोर तेच येतं, हे तुम्हाला खोटं वाटेल.

पण एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी, म्हणून लिहितोय. खोली तयार होत होती तेवढ्यात तिच्या मेंदूचा फोटो काढला होता. मी तो तीन जणांना दाखवला. दाजी, गाठ वाढलेली नाही! उलट बारा मिलिमीटरने आक्रसली आहे. मधोमधच्या, सुरी न पोचणाऱ्या गाठीत असं आजवर मी पाहिलं नव्हतं. ती गेली तुंबलेल्या पाण्याने. आक्रसताना गाठ जरा सरकली आणि वाट अडली. गोळी चालते, दाजी. तुमच्या मुलीने ते सिद्ध केलं.

अहवाल एकवीसला वेळेत गेला. तिचं मरण 'औषधाशी संबंध नसलेली घटना' या रकान्यात मांडलं आहे, आणि ते खरंही आहे.

कुळाने दफन नऊ सप्टेंबरचं ठरवलंय. तोवर ती शीतगृहात राहील. तुम्ही बापाच्या बाजूने कापड आणि शवपेटी आणायची, बाकी सगळं आम्ही बघू.

पुढच्या टप्प्यात पहिला प्रश्न बदलायला मला परवानगी मिळाली आहे. कारण म्हणून 'भाषिक सुधारणा' असं लिहिलं. हजार रुग्ण असतील. तुमच्यासारखी भाषा दुसऱ्या कुणाला येत नाही. नवा प्रश्न लिहून द्याल? सेरवाच्या नावाने तरी.

आपला,
बेदियाको


वेंची, ४ सप्टेंबर २०१७

बेदियाको,

हे पत्र ज्या बाईने तुझ्या हातात दिलं तिचं नाव अदोमाआ. एकोणीस दिवस ती ओकते आहे. तुझ्या तक्त्यात ती शून्य आहे. आधी तिला बसायला दे, मग पुढचं वाच.

तुझ्या कुळाचे दोन म्हातारे पाच ऑगस्टला आले. पाणी प्यायले, शांत म्हणाले, आणि मग म्हणाले की मुलगी हलणार नाही. गाडी चौकात उभी होती. सेरवाने पिशवी भरून मांडीवर घेतली होती. मी तोंड उघडलं. मंत्र्यांना गप्प बसवणारा मी, आणि मला शब्द सापडेना, कारण ते बोलत होते ते सगळं माझंच होतं. माझ्याच भाषणातलं, माझ्याच धड्यातलं. सेरवा म्हणाली, "राहू दे, बाबा. मामांना माहीत असेल." पिशवीतले कपडे काढून तिने पुन्हा घडी करून ठेवले. गाडी गेली. मी ती जाऊ दिली, हे मी कुठल्याही रकान्यात लपवणार नाही.

ती गेल्यावर मी अकरा घरं हिंडलो. प्रत्येक अंगणात बसलो, पाणी प्यायलो, विचारलं. अकराच्या अकरा घरांनी सांगितलं, शांत. मग मी दुसऱ्यांदा विचारलं.

चौघे गेले आहेत. तुला त्यातले दोनच ठाऊक आहेत. किंताम्पोचा येबोआ जुलैच्या दहाला गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी तुझ्या सिस्टरने फोन केला आणि विचारलं, तिकडचं काय वर्तमान. फोन त्याच्या बायकोने उचलला होता. नवरा शीतगृहात, घरात सुतकाची लाल कापडं, आणि तिने रीतीप्रमाणे सांगितलं, शांत आहे. तुमच्या बाईने फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मेल्यावर दोन आठवडे तो माणूस तुझ्या तक्त्यात ठणठणीत होता. आता बोल, तुझ्या अहवालात असे किती जण अजून जिवंत आहेत?

उरलेल्या सातांपैकी दोघे हलवण्यासारखे नाहीत. त्यांचे पत्ते मागे लिहिलेत, तुझी गाडी पाठव. पाच जण अदोमाआच्या मागे तुझ्या व्हरांड्यात आहेत, ती धरून. काही टेकून बसलेत, एकाला उचलून आणलंय. पहाटेच्या गाडीने आलेत. त्यांना मी एकच शिकवून पाठवलंय: डॉक्टरने विचारलं की मान देऊ नका. पहिल्याच झटक्यात सांगा, कुठे दुखतं ते.

आपल्या माणसाला त्याची रीत टाकायला मला शिकवावं लागलं. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मी एवढा हलका धडा दिला नव्हता.

नवा प्रश्न मागितलास. नाही देत. जुनाच राहू दे, त्यात चूक नव्हती. त्यानंतर फोन खाली ठेवायचा नसतो. गप्प बसायचं असतं, श्वास ऐकायचा असतो, आणि पुन्हा विचारायचं असतं. यंत्राला जमत नसेल तर माणसं ठेव. तीनशेंना दोन नर्स पुरत नसतील, तर शंभरच डोकी घे. ज्या डोक्याचं दुखणं ऐकायला तुझ्याकडे वेळ नाही, त्या डोक्याचा शोध घेण्याचा तुला अधिकार नाही.

आणि हे समजू नकोस की मी शोधाविरुद्ध झालो. सातही घरांत मी सांगितलं की गोळी चालते, सोडू नका. माझ्या मुलीची गाठ आक्रसली, हेही सांगितलं. तुझं पत्र आल्यापासून मी रोज एकच हिशेब करतो: तू नालायक डॉक्टर असतास, गोळी खोटी असती, तर ती गेलीच असती आणि मी रडून मोकळा झालो असतो. तू मला तेवढंही ठेवलं नाहीस. ती जगली असती.

नऊ तारखेला तू कुळाचा म्होरक्या म्हणून लाल कापडात बसशील आणि लोक तुझा हात हातात घेतील. मी बापाच्या बाजूला बसेन. बस. रीत आहे ती.

पण आज सोमवार आहे, आणि दुपारी दोन वाजता रेडिओवर माझी वेळ आहे. पहिलं नाव माझं घेईन. प्रश्न कोणी लिहिला ते सांगेन, आणि मेंदूच्या दाबाने ओकणाऱ्या पोरीला मी काय विचारलं, तेही. दुसरं नाव तुझं. तुझी पत्रं माझ्यापुढे ठेवली आहेत, तारखेसकट वाचीन. त्यानंतर मला व्हरांड्यातल्या पाच जणांबद्दल बोलायचं आहे. तिथे काय बोलायचं, ते मी अजून लिहिलेलं नाही. ते तू ठरवायचं आहेस, दोनच्या आत.

सेरवाचा बाप,
अम्पोफो